डाव्या बाजूची काच

काच फुटली तेव्हा मी सातव्या मजल्यावर होते. माझे वडील, अण्णा, खाली बाकावर बसले होते. ऑगस्टमध्ये पावसाने दोन-तीन दिवस उघडीप दिली की आमच्या मुलुंडच्या सोसायटीत गवत कापायला माणसं येतात. खांद्याला पट्टा, हातात लांब दांडा, दांड्याच्या टोकाला गरगर फिरणारी नायलॉनची दोरी. त्या दोरीच्या तडाख्यात गवताबरोबर एक खडा सापडला, उडाला आणि आमच्या गाडीच्या मागच्या डाव्या काचेवर बसला. मी धावत खाली गेले. अण्णांनी मला आधी आवाज सांगितला. "टाप् असा एकच, आणि मग सुपातून तांदूळ ओतल्यासारखा."

गवत कापणारा मुलगा यंत्र बंद करायचंही विसरला होता. एकोणीस-वीस वर्षांचा असेल, मोखाड्याकडचा. गाडी किती महाग आहे हे त्याला नुसत्या तिच्या आकारावरून कळलं होतं, आणि त्याचा चेहरा असा झाला होता की मला काचेआधी त्याच्याकडेच बघावंसं वाटलं. सेक्रेटरी आले, म्हणाले, कॉन्ट्रॅक्टरकडून वसूल करू. कॉन्ट्रॅक्टरकडून वसूल म्हणजे कोणाकडून, हे तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. अण्णा काठीवर जोर देऊन उठले. "पोराकडून एक पैसा घ्यायचा नाही," ते म्हणाले. "त्याने काय नेम धरला होता?" मग त्या मुलाकडे वळून, "आधी तुझ्या डोळ्यांना चष्मा लाव बाबा. तो खडा गाडीला लागला म्हणून वाचलास." तेव्हा माझ्या लक्षात आलं, की त्याने डोळ्यांवर काहीच लावलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी अण्णांनी मला हार्डवेअरच्या दुकानातून प्लास्टिकचे दोन चष्मे आणायला लावले.

अण्णा बेस्टमध्ये ड्रायव्हर होते. वडाळा डेपो. तेहतीस वर्षं. ही गाडी मी घेतली, चार वर्षं वापरलेली, सात जणांची, जर्मन बनावटीची, ती पुष्कळशी त्यांच्यासाठी. लहान गाडीत बसताना त्यांचे गुडघे भरून यायचे. या गाडीत ते पहिल्यांदा बसले तेव्हा मधल्या रांगेत डावीकडे बसून त्यांनी रस्त्याकडे खाली पाहिलं आणि म्हणाले, "हां. आता बसमध्ये बसल्यासारखं वाटतं." ती उंची त्यांना हवी होती. माझा निर्णय तिथेच झाला.

गेली ती काच मागच्या दाराची नव्हती, त्याच्याही मागची होती. ती खालीवर होत नाही, बॉडीला चिकटवलेली असते. वर्कशॉपमध्ये तिला क्वार्टर ग्लास म्हणतात, कुर्ल्याच्या बाजारात नुसतं 'मागची फिक्स'. पुढची विंडशील्ड दोन काचांच्या मध्ये प्लास्टिकचा पातळ पडदा घालून केलेली असते. तडा गेला तरी ती जागेवर राहते. ही काच एकाच थराची, टफन केलेली. सहाशे अंश सेल्सिअसच्या वर तापवायची आणि वाऱ्याच्या झोतांनी दोन्ही अंगांनी झटकन गार करायची. वरची कातडी आधी घट्ट होते. आतला गाभा मागाहून गार होतो, आकसतो आणि कातडीला आत ओढून धरतो. म्हणून हाताची थाप, चेंडू, दाराची आपट यांना ती दाद देत नाही. पण एखाद्या टोकदार खड्याने कातडी भेदून गाभ्यापर्यंत वाट केली की आत कोंडलेला ताण एकदम मोकळा होतो आणि अख्खी काच बोथट दाण्यांची रास होऊन पडते. दाणे बोथट व्हावेत, कोणाचा गळा चिरू नये, हाच त्यामागचा हेतू.

हे गुपित माणसाला फार आधी एका थेंबात सापडलं होतं. वितळलेल्या काचेचा थेंब पाण्यात पडला की त्याचं डोकं गोल आणि शेपूट बारीक होते. डोक्यावर हातोडी मारा, फुटत नाही. शेपटीचं टोक मोडा, सगळा थेंब भुगा होऊन उडतो. राजपुत्र रूपर्टने हे थेंब इंग्लंडच्या राजाला भेट दिले आणि १६६१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने ते तपासले. काचेचा बिंदू. हे वाचलं त्या रात्री मी बराच वेळ त्या शब्दापाशी थांबले, कारण आमच्या घरात तो शब्द रोजचा आहे. अण्णांना काचबिंदू आहे.

मोतीबिंदू काढता येतो. काचबिंदूत डोळ्यातला दाब दृष्टीची नस हळूहळू मारतो आणि गेलेलं परत मिळत नाही. थेंब घालून उरलेलं राखायचं. बहुतेकांची कडेची नजर आधी जाते. समोरचं पुष्कळ दिवस ठीक दिसत राहतं, एक डोळा दुसऱ्याचं उणं भरून काढतो, म्हणून उशिरा कळतं. अण्णांचंही तसंच झालं. परळच्या दवाखान्यात एका वाडग्यासारख्या यंत्रात हनुवटी टेकवून बसवतात, आत इथेतिथे प्रकाशाचे ठिपके लुकलुकतात, दिसला की हातातलं बटण दाबायचं. पहिल्या वेळी मी मागे उभी होते. डावीकडचे ठिपके येत होते, जात होते, आणि अण्णांचा अंगठा हलत नव्हता. तेहतीस वर्षं ज्यांनी डावीकडून घुसणाऱ्या सायकली, हातगाड्या, धावत येऊन दांडा धरणारी पोरं डोळ्याच्या कोपऱ्यातून टिपली, त्यांचा अंगठा. बाहेर येऊन ते म्हणाले, "आज मशीन बिघडलेलं दिसतंय." मी हो म्हटलं.

काच फुटली त्या संध्याकाळी त्यांनी मला एक जुनी गोष्ट सांगितली. कुठल्याशा बंदचा दिवस, बसच्या काचांना जाळ्या लावायच्या आतच गाडी बाहेर पडलेली. दगड आला. तेव्हाची बसची समोरची काचही टफन. "एका क्षणात दुधासारखी पांढरी झाली. पुढचं काही दिसेना. मुठीने भोक पाडलं आणि त्या भोकातून बघत गाडी कडेला घेतली. आत पन्नास माणसं." घरी आले तेव्हा काहीच बोलले नव्हते. दुसऱ्या दिवशी शर्ट धुताना आईला खिशात काचेचे दाणे सापडले, तेव्हा कळलं. ही गोष्ट मी पन्नाशीला आल्यावर पहिल्यांदा ऐकत होते.

कंपनीच्या वर्कशॉपने ४८,००० रुपये सांगितले आणि काच बाहेरून यायला तीन-चार आठवडे. विम्याच्या नियमांत काचेच्या भागाला घसारा लावत नाहीत, म्हणजे जुना म्हणून पैसे कापत नाहीत. रबर-प्लास्टिकला निम्मा लावतात. १५०० सीसीच्या वरच्या गाडीला पहिले २००० रुपये आपल्या खिशातले. तेवढं बघितलं तर दावा करावा असंच वाटतं. पण माझा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, ५० टक्क्यांवर होता. दावा केला की पुढच्या नूतनीकरणाला तो शून्यावर, आणि माझ्या पॉलिसीत काचेपुरती सूट देणारी जोड नव्हती. कागदावर आकडे मांडले तर हातात फारसं काही उरत नव्हतं. त्याहून मोठी अडचण म्हणजे गणपती बारा दिवसांवर आले होते, आणि अण्णांना गावाला न्यायचं होतं. तीन-चार आठवडे हा आकडा तिथेच बाद झाला.

तोवर भोकाला जाड प्लास्टिक आणि चिकटपट्टी. मधल्या दिवसांत परळची तारीख होती. ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेला लागल्यावर प्लास्टिक फडफडायला लागलं आणि मला अण्णांची काळजी वाटली. ही गाडी आतून फार शांत आहे. दारं लागली की शहर दूर कुठेतरी गेल्यासारखं होतं. मला ती शांतता आवडायची, दिवसभराच्या कामानंतर हवीशी वाटायची. आता सगळं आत येत होतं. रिक्षांचे हॉर्न, पुलाच्या सांध्यांवरून जाताना चाकांचा धडक-धडक, ओल्या डांबराचा वास. मी आरशात पाहिलं. अण्णा डोळे मिटून बसले होते. झोपलेत असं वाटलं.

"सायन," ते म्हणाले.

खरंच सायन होतं. थोड्या वेळाने वरून लोकल गेली, लोखंडी पुलाचा तो दणदणाट, आणि ते म्हणाले, "किंग्ज सर्कलचा पूल. उंच गाडी अडकते इथे." मग माहेश्वरी उद्यानाला वळसा घालताना कॉफीचा वास आला तेव्हा त्यांनी काही सांगितलं नाही, नुसतं हसले. दादर टीटी. हिंदमाता, पाण्यातून चाकं जाताना. डोळे मिटलेलेच. परळला पोचेपर्यंत त्यांनी एकही जागा चुकवली नाही. मला आठवलं, या गाडीत ते गेले वर्षभर गप्प बसायचे आणि अधूनमधून विचारायचे, "कुठे आलो?" मी समजायचे, वय झालं. दिसत नाही म्हणून विचारतात एवढंही मला कळत होतं. पण ऐकूही येत नव्हतं, मीच घेतलेल्या त्या महागड्या शांततेमुळे, हे मला एका फुटक्या काचेने दाखवलं. ते कळलं तेव्हा हिंदमाताच्या सिग्नलला माझे डोळे भरून आले होते.

शनिवारी कुर्ल्याला, सीएसटी रोडवर गेलो. या रस्त्याची ज्यांना माहिती नाही त्यांनी एकदा उगाच चालत जावं. भंगारातून आलेली दारं, बंपर, दिवे, आरसे, आणि माणसं अशी की काचेचा तुकडा बघून गाडीचं मॉडेल आणि साल सांगतील. ज्या कारागिराकडे आम्हाला पाठवलं होतं त्याचं दुकान म्हणजे सहा फुटांची खोली आणि समोरचा फुटपाथ. त्याने आमची उरलेली बाजूची काच वाकून पाहिली. कोपऱ्यात छापलेल्या बारीक अक्षरांवर नख टेकवून म्हणाला, "ही कंपनीचीच, बदललेली नाही. बघा, हा आकडा वर्षाचा, आजूबाजूच्या ठिपक्यांवरून महिना." ओळखी निघाल्या. तो खेडचा. अण्णा कणकवलीचे. तो त्यांना 'बाबा' म्हणू लागला, आणि त्या दोघांचं गावच्या रस्त्यावर, चिपळूणच्या पुराच्या पाण्यावर, कशेडीच्या घाटावर असं काही चालू झालं की मी स्टुलावर बसून नुसती ऐकत राहिले.

त्याच्याकडे दोन काचा होत्या. एक परदेशातल्या गाडीची, काळसर, नवी असल्यासारखी, ७,००० रुपये. दुसरी इथेच अपघातात मोडलेल्या गाडीची, हिरवट पारदर्शक, कडेला एक बारीक ओरखडा, ११,०००. मला काळसर हवी होती. दुपारच्या उन्हात मागची सीट तापते, सामान बाहेरून दिसतं. कारागीर म्हणाला, "ताई, देईन मी. पण ही नियमात बसत नाही." त्याचं बरोबर होतं. केंद्रीय मोटार वाहन नियमांचा १०० क्रमांकाचा नियम सांगतो की पुढच्या-मागच्या काचेतून निदान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आरपार जायला हवा. २७ एप्रिल २०१२ला सर्वोच्च न्यायालयाने काळ्या फिल्म बंद केल्या त्या याच नियमाच्या आधारावर. बाहेरच्या पुष्कळ देशांत मागच्या बाजूला याहून गडद काच चालते, म्हणून तिकडची काच इकडे अशी काळी दिसते.

नियम कळला तरी मन थोडं रेंगाळत होतं. तेवढ्यात अण्णांनी ती काळसर काच हातांनी चाचपली, चेहऱ्याजवळ आणली आणि रस्त्याकडे धरून तिच्यातून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग खाली ठेवली आणि हलकेच म्हणाले, "बाय, माका ह्यातून कायच दिसणा नाय."

ते मुंबईत असताना सहसा मालवणी बोलत नाहीत. आई गेल्यापासून तर नाहीच.

काचबिंदू झालेल्या डोळ्याला उजेड-अंधारातला बारीक फरक कळणं अवघड होत जातं. आपल्याला जे नुसतं सावळं, ते त्यांना काळोख. त्यांनी दुसरी काच उचलली. तिच्यातून पाहायच्या आधी कडेवर नखाने टिचकी मारली आणि कान लावला. त्यांच्या लहानपणी घरात वीज नव्हती. रोज संध्याकाळी कंदिलाच्या काचा राखेने पुसायचं काम त्यांचं, आणि काच पुसून झाली की टिचकी मारून तडा नाही ना ते बघायचं. कंदील ओगलेवाडीचा, प्रभाकर कंदील. आपल्याकडे काच कशी करायची हे शिकायला तळेगावला पैसा फंडाचा कारखाना १९०८ साली निघाला होता, लोकांकडून एकेक पैसा गोळा करून. ओगल्यांची विद्या तिथली. त्या टिचकीत हे सगळं होतं, निदान मला तरी तसं वाटलं. "साफ आहे," अण्णा म्हणाले. मी पारदर्शक काच घेतली.

बसवण्याचं काम बघणं हा एक आनंद होता. आधी आतली प्लास्टिकची पॅनेलं काढली, एकही क्लिप न मोडता. व्हॅक्यूमने दाणे ओढले, तरी सीटच्या रुळात काही राहिलेच. जुन्या चिकटवणीचा काळा थर त्याने पुरता खरवडला नाही. पात्याने कापत कापत दोनेक मिलिमीटरचा एकसारखा थर ठेवला, कारण नवी चिकटवण सर्वांत घट्ट बसते ती जुनीवरच. पत्रा जिथे ओरखडला होता तिथे प्रायमर, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात गंज आतून चालत येतो. काचेच्या कडेला जो काळा पट्टा असतो ना, तो शोभेचा नाही. ऊन चिकटवणीपर्यंत पोचू नये म्हणून भाजलेला मुलामा आहे तो. त्यावरही प्रायमर. मग बंदुकीतून पॉलियुरेथेनची त्रिकोणी वळी, सुरुवातीपासून शेवटपर्यंत हात न उचलता. मी श्वास रोखून पाहत होते. काचेत रेडिओच्या अँटेनाच्या बारीक तारा छापलेल्या आहेत, तिची जोडणी त्याने आधी लावली, रेडिओ सुरू करून खात्री केली, आणि मग दोन्ही तळव्यांनी काच जागेवर बसवली. तळव्यांनीच. बोटांनी दाब एका ठिकाणी पडतो, असं त्याने न विचारता सांगितलं.

मला पावसाची धास्ती होती. तो म्हणाला, उलट आहे. ही चिकटवण हवेतलं बाष्प ओढूनच घट्ट होते, कोरड्या हवेत जास्त वेळ घेते. फक्त लावताना पृष्ठभाग ओला नको. म्हणून तो सकाळपासून फुटपाथवर ताडपत्री ताणून बसला होता.

"दोन गोष्टी," पैसे घेताना तो म्हणाला. मजुरी त्याने २,५०० सांगितली. मी ३,००० दिले तर ५०० परत केले. "उद्यापर्यंत गाडी धुवायची नाही. आणि एखादी काच बोटभर खाली ठेवा. सगळ्या काचा बंद करून दार आपटलं की आतली हवा नव्या काचेला बाहेर ढकलते." अण्णांनी मान डोलावली. निघताना त्याने त्यांचा हात धरून त्यांना पायरीवर चढवलं, आणि दार इतकं हळू लावलं की आवाज आलाच नाही.

मी अण्णांच्या बाजूची काच बोटभर खाली केली. ती अजून तशीच आहे. पाऊस फार आला तर वर करते, थांबला की पुन्हा खाली.

गणपतीनंतर पुन्हा परळची तारीख आली. किंग्ज सर्कलच्या पुलाखाली सिग्नल लागला. अण्णा डोळे मिटून वाट बघत होते. वरून गाडी आली नाही. सिग्नल हिरवा झाला, मागून हॉर्न वाजायला लागले, मी हळूहळू पुढे निघाले.

"पूल गेला काय गो?" त्यांनी विचारलं.

"गेला अण्णा. गाडी नव्हती वर. आता डावीकडे फुलवाला बसलाय, मोगऱ्याचे गजरे आहेत, आणि एक शाळेची बस उभी आहे, पिवळी."

"किती पोरं आहेत?"

मी गाडी थोडी आणखी हळू केली आणि मोजायला लागले.